शोभाताईंचं बोट

शोभाताई भेटल्या की आधी समोरच्याच्या गालावर बोट टेकवत; नमस्कार नंतर. आमच्या गल्लीतले वकील वारले, तेव्हा त्यांच्या पत्नीचं सांत्वन करतानाही ते बोट गालावर गेलंच. "वहिनी, रडून रडून काळवंडल्या तुमी. तेरवी झाली का या, पील करून देईन."

राजापेठेत शिकवणी वर्गाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं चेहरा उजळून देण्याचं 'क्लिनिक' होतं. अकोल्यातल्या तीन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र तिथे देवापेक्षा मोठ्या चौकटीत होतं. अ‍ॅसिडला त्या 'फळाचा रस' म्हणत, आणि तो लावून चेहऱ्याची वरची कातडी सोलण्याला 'पील'. बाई दुष्ट नव्हत्या. गल्लीत कुणी आजारी पडलं की पहिला डबा त्यांचाच येई. म्हणून तर लोक त्यांच्यापुढे चेहरा धरत.

हिवरखेडची माझी भाची पल्लवी मुलाकडच्यांना सावळी पसंत होती. तिच्या आईला नव्हती. लग्नाच्या आठवड्यात आई तिला शोभाताईंकडे घेऊन आली. तिसऱ्या दिवशी भाजल्या वांग्यासारखी पोरीची साल सुटू लागली. शोभाताई ती चिमट्याने ओढून बशीत ठेवत आणि आम्हाला कौतुकाने दाखवत. "पाहा भाऊ, कसं निंगून राहिलं! साप कात टाकते तं नवाच निंगते."

"उद्या हळद आहे," मी म्हणालो.

"हळद तं आयुर्वेदिक हाय. तिनं काय होते?"

पाच सवाशिणींनी रिवाजाप्रमाणे चोळून हळद लावली. पल्लवीने ओठ चावले, डोळ्यांतून पाणी आलं. मावश्या हसल्या, "लाजून राहिली वं!" संध्याकाळपर्यंत तिचे डोळे सुजून मिटले. लग्नात शोभाताईंनीच त्यावर मेकअपचे दोन थर चढवले आणि फोटो छान येतील म्हणून सांगितलं. फोटो छान आले. नंतर गालांवर काळे चट्टे उठले. काही जातील, काही राहतील, असं त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं.

वर्षभराने शोभाताई दुकान अकोल्याला हलवू लागल्या. सामान बांधलं जात होतं, तेव्हा पल्लवी मला घेऊन जिना चढली. शोभाताईंचं बोट सवयीने पुढे आलं. पल्लवीने मनगट धरून ते खाली केलं.

"काकू, तुमी सोताच्या तोंडाले कधी लावलं का हे?"

शोभाताई मोकळं हसल्या. त्या हसण्यात कपट नव्हतं, म्हणूनच मला शिसारी आली.

"मी काहून लावू वं बाई? माह्यं लगन कवाच झालं."