मी एजंटाचं नाव सांगितलं

मन्मथआप्पांचे उपकार माझ्यावर सगळ्यांत जास्त आहेत. आईबापापेक्षाही जास्त, असं लिहिताना हात अडखळतो, पण खरं तेच आहे. जळकोटला तहसीलसमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान. आज जे सांगायला बसलोय ते मी आप्पांना कधी सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुमची-माझी ओळख नाही – म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगता येतंय.

आधी आप्पा कोण ते सांगतो. म्हणजे मी काय केलं ते नीट कळेल.

माझे वडील मुखेड रस्त्यावरच्या क्रशरवर खडी फोडायचे. घरात अर्ज भरता येईल असं कुणी नव्हतं. आमच्याकडे अशा घरातलं पोरगं शिकायला लागलं की ते कागद घेऊन कुणाच्या तरी दारात उभं राहतं आणि म्हणतं, एवढं भरून द्या. मी आप्पांच्या दारात उभा राहिलो. झेरॉक्सचे ते पैसे घ्यायचे, भरून देण्याचे कधीच नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "अक्षर देवानं दिलंय, त्याचा काय रेट लावू?" माझी शिष्यवृत्ती, नांदेडच्या इंजिनिअरिंगचा प्रवेश, सगळं त्यांच्या अक्षरात गेलं. हॉस्टेलच्या अर्जाच्या वेळी मात्र त्यांनी पेन माझ्याच हातात दिलं. "आता तू भर. मी बसतो शेजारी. जन्मभर माझ्या दारात उभा राहणार हायस का?" मी वडिलांच्या धंद्याच्या रकान्याशी थांबलो, तर म्हणाले, "लिही मजुरी. चोरी करीत न्हाई तुजा बाप."

तर असा माणूस. आणि त्यांच्याच मुलीशी मी –

नाही, ते जरा थांबून. क्रमानं सांगतो.

पुण्यात नोकरी लागली, काही वर्षं गेली, आणि कॅनडाच्या कायमच्या व्हिसाचं डोक्यात आलं. नोकरीच्या अनुभवावर मिळतो तो. सुट्टीत गावी आलो तेव्हा नांदेडला एका एजंटाकडे गेलो. वरच्या मजल्यावर काचेचं दार, भिंतीवर झेंडे. त्यानं माझे कागद चाळले आणि म्हणाला, अनुभव थोडा कमी पडतो, पण पत्र बनवून देऊ, तिकडं कोण बघतंय. मी चहा अर्धा टाकून उठलो. हे माझा प्रामाणिकपणा दाखवायला सांगत नाही. उलट आहे. तो माणूस कसा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं – म्हणून पुढचं जास्त वाईट आहे.

मग मी सगळं स्वतःच केलं. तिथल्या सरकारच्या साईटवर सगळं लिहिलेलं असतं. इंग्रजीची परीक्षा, पदवीची तपासणी, कंपनीकडून कामाचं पत्र कसं घ्यायचं, सगळं. वेळ लागतो, किचकट आहे, पण अवघड नाही. अनुभव भरायला थोडं थांबलो आणि मग अर्ज केला. रविवारी रविवारी बसून झालं. कुणाचीही मदत लागली नाही.

व्हिसा आला तो दुष्काळाचा उन्हाळा होता. निघण्याआधी गावी आलो तर जळकोटात टँकरमागे लोक धावत होते. आणि त्यातच उदगीर जिल्हा होणार, जळकोट त्यात जाणार, अशी चर्चा. आप्पांच्या दुकानात पाण्याच्या अर्जांशेजारी नव्या जिल्ह्याच्या निवेदनांचा गठ्ठा. आप्पांनी दुकानासमोर माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि पाणी नव्हतं म्हणून चहाऐवजी पेढे. कुणीतरी म्हणालं, "जिल्हा व्हायचा तवा होईल, पोरगं तर कॅनडाला चाललं." लोक हसले. मलाही बरं वाटलं.

मग एकानं विचारलं, कसं केलंस हे? मी सांगायला लागलो की स्वतःच, घरी बसून. तर पुढं बसलेले एक म्हातारे म्हणाले, "एजंटाबिगर? आरं, हितं सातबारा मिळंना एजंटाबिगर, आन् तू कॅनडा सांगायलास." पुन्हा सगळे हसले. दोन-तीन पोरं फाइल हातात घेऊन कडेला उभी होती, ती मला दिसत होती. स्वतः केलं यावर अडून राहिलो असतो तर ती उद्या माझ्या घरी आली असती. एवढं भरून द्या, म्हणाली असती. आणि माझ्या सुट्टीचे थोडेच दिवस राहिले होते.

मी म्हणालो, "हाव, एजंटच होता."

एवढंच असतं तर मी आज लिहायला बसलो नसतो. गर्दीत माणूस काहीबाही बोलतो. पण दुसऱ्या दिवशी गर्दी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांची गिरिजा आमच्या घरी आली. ती लातूरला एका खाजगी दवाखान्यात नर्स, नर्सिंगची पदवी घेतलेली. मला लहानपणापासून दादा म्हणते. तिनं फाइल समोर ठेवली. म्हणाली, "दादा, साईटवर लिहिलंय की स्वतःला भरता येतंय. मी निम्मं समजून घेतलंय. दोनच जागी अडलंय. पण तुमी काल एजंट म्हणलात, म्हणून विचारायला आले."

म्हणजे ती योग्य वाटेवरच होती – कळतंय ना तुम्हाला? तिला वाट दाखवायची नव्हतीच. फक्त दोन ओळींचा अर्थ सांगायचा होता. आई आत भांडी घासत होती. खोलीत आम्ही दोघंच. हसणारं कुणी नव्हतं.

मी फाइल चाळली. तिचा अनुभव पुरेसा होता. इंग्रजीचे गुण माझ्यापेक्षा चांगले होते. मला ते दिसलं. आणि मी म्हणालो, साईटवर लिहितात तसं, गिरिजा, पण आपल्याकडच्यांनी स्वतः केलेलं पडूनच राहतं.

तिनं एजंटाचं नाव विचारलं. मला एकच नाव माहीत होतं. मी नांदेडचं ते नाव सांगितलं.

ती म्हणाली, "बरं झालं विचारलं. न्हाईतर मी येड्यावानी एकटीच भरत बसले असते." आईच्या हातचा लाडू खाऊन ती गेली.

का केलं मी असं? काल खोटं बोललो होतो, आज ते उघडं पडू नये म्हणून? मी बरीच वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. ते खरं नाही. तिला नुसतं म्हटलं असतं, काल उगीच बोललो, तर ती हसली असती आणि विषय संपला असता. खरं कारण लहान आहे, इतकं लहान की लिहायला लाज वाटते. एक दिवस – एकच दिवस – जळकोटात मी असा माणूस झालो होतो की ज्यानं कुणाला जमत नाही ते केलं. आणि आप्पांची मुलगी, घरातल्या टेबलाशी बसून, तेच करणार होती. माझ्यापेक्षा चांगल्या गुणांनी. मग मी कोण राहिलो असतो? मला एकट्यालाच जायचं होतं. बस. एवढंच.

पुढचं मी टोरंटोत असताना कळलं. आप्पांचा फोन आला. एजंटानं गिरिजाच्या अर्जात दोन वर्षांचा अनुभव जास्तीचा जोडला होता, जिथं तिनं पाऊलही ठेवलं नाही अशा दवाखान्याचा. तिनं तो दाखवेल तिथं सह्या केल्या होत्या. तपासणीत ते उघडं पडलं. खोटी माहिती दिली म्हणून अर्ज फेटाळला, आणि पाच वर्षं पुन्हा अर्ज करायला बंदी. या व्हिसाला वयाचेही गुण धरतात, बंदी उठेपर्यंत तिचे ते कमी होणार. तिला जायचं होतं, तिच्या मनानं ती गेलेलीच होती. लातूरच्या नोकरीचा राजीनामासुद्धा लिहून ठेवला होता. आता ती त्याच दवाखान्यात आहे. जो अनुभव तिला लागतच नव्हता, त्याच्या खोट्या पत्रानं तिला अडवलं.

आप्पांनी मला बोल लावला नाही. म्हणाले, "तुजा काय दोष, माधवा? तू तर आपलेपणानं सांगितलास. चूक माजी हाय. जन्मभर लोकांचे कागूद वाचले, आन् पोरीचा न्हाई वाचला. इंग्रजी होता म्हणून सोडून दिला." मग म्हणाले, "आता कुणाचं भरून देत न्हाई मी. हात धजंना. झेरॉक्स काढून देतो नुसतं."

त्यांना वाटलं लाइन गेली. "ऐकायलास का?" विचारलं त्यांनी. ऐकत होतो. एक वाक्य पुरे होतं – आप्पा, मी एजंटाकडून केलंच नव्हतं. ते वाक्य तोंडाशी आलं आणि मी म्हणालो, आवाज नीट येत नाही, पत्र लिहितो.

पत्र का? फोनवर ते ओळखतील म्हणून. माझं अक्षर त्यांनीच घडवलेलं, पण अक्षरावरून खोटं कळत नाही. आता कुणाच्या दारात कागद घेऊन उभं राहणारी पोरं जळकोटात कुठं जातात, हे मी विचारलेलं नाही. गावी गेलो की आप्पांच्या पाया पडतो. गिरिजा दादाच म्हणते. मी सांगितलेलं नाही, आणि हे छापून आलं तरी त्यांच्यापर्यंत पोहोचेल असं नाही.

ते पत्र मला अजून पाठ आहे. जसं पाठवलं तसं लिहितो.

"तीर्थस्वरूप आप्पांस,

साष्टांग नमस्कार.

मी इकडे सुखरूप आहे. गिरिजाचं ऐकून फार वाईट वाटलं. तो एजंट असा निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझं काम त्यानं चोख केलं होतं. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. तो कागद वाचूनही तुम्हाला काय कळलं असतं? ही कामं आपल्यासारख्यांना स्वतः जमणारी नसतात.

गिरिजाला धीर द्या. पुढे कधी काही अडलं तर तिनं मला निःसंकोच विचारावं.

तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

आपला,
माधव"