मास्तरांनी धुतलेला समुद्र

जुना नकाशा हातात आला की सुकदेव मास्तर आधी त्याचा कोपरा जिभेला लावत. तेवढ्यावरून त्यांना कागदाची खळ कळे. मग कुठे चष्मा चढवून ते समुद्र, जहाजं, अरबस्तान वगैरे किरकोळ गोष्टींकडे वळत.

मास्तर सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका कापड मिलमध्ये रंगमास्तर, मूळचे खानदेशातले. मी उधन्याच्या शाळेत भूगोल शिकवायचो. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत आम्हा दोघांना एकच खूळ लागलं होतं. युरोपातल्या जुन्या कारागिरांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले नकाशे! दर रविवारी जुन्या सुरतेतली रद्दीची दुकानं उपसायची आणि काही गवसलं की भर रस्त्यात नाचायचं. घरचे सोबत असले तर ओळख दाखवत नसत. त्या नकाशांत हिंदुस्थान चेपलेला, मासे जहाजांहून मोठे, तापी वाटेल तिथून निघालेली. मास्तर म्हणत, "यांनी खंबायत पाहिलं नाही, काही नाही. पण हात बघा सर, हात!"

एकदा मला चक्क सुरतेचं नाव कोरलेला नकाशा मिळाला, पण बुरशीने खात आणलेला. मास्तरांनी तो चाखला नाही, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं. धुवायला हवा, नाहीतर पावसाळ्यात भुगा होईल, असं त्यांनी सांगितलं. मी हबकलोच.

"हाऊ कागद नही सर, चिंध्या शेतस. चिंध्यासले पानीनं काय भ्याव?" जुना कागद चिंध्या कुटूनच बनवत, हे मला तेव्हा कळलं.

आपल्या खोलीवर नेऊन, मलमलीवर ठेवून त्यांनी तो परातीतल्या पाण्यात सोडला. बघता बघता माझा हिरवा समुद्र विरघळला. मी मनात त्यांना शिव्या घातल्या. माझ्याकडे सुरत आहे, यांच्याकडे नाही, म्हणून हा डाव, असंही वाटून गेलं. पण हिरवा रंग मागाहून कुणीतरी फासलेला होता. छापाची काळी शाई जागची हलली नव्हती. रंगाखालून केसाएवढ्या रेघांच्या लाटा वर आल्या, आणि त्यांवर एक इवलंसं जहाज. आम्ही ओल्या बनियनवर नाचलो.

मग मास्तर खाली वाकले. खाटेखालची पेटी ओढून त्यांनी तळातून एक नकाशा काढला. त्यावरही सुरत होती, आणि तशीच बुरशी. कितीतरी वर्षं त्यांनी तो माझ्यापासूनही लपवला होता. का धुतला नाही, असं विचारल्यावर त्यांनी मला हात दाखवले. रोज ताग्यांचे तागे रंगात बुडवणारे ते हात स्वतःच्या सुरतेपुढे मात्र धजत नव्हते.

"तुमचा मी धुतला. आते मन्हा तुम्ही धुवा."

एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला स्वतःची फार लाज वाटली. आयुष्यात मी कधी रुमालसुद्धा धुतला नव्हता. बाह्या सारल्या आणि त्यांची सुरत पाण्यात सोडली.