तिसऱ्या दिवसाचा वारा

१९ फेब्रुवारी. पाण्यात सात माणसे, होडीत एक. एकूण जीव आठ.

एवेलियो इगेराने ही मोजणी त्या दिवशी दुपारी तीन वाजता केली, आणि त्याच क्षणी त्याला उमगले की आपली दुसरी एक मोजणी चुकली आहे. एल रेमान्सोचे कोळी हिवाळ्यातला उत्तरेचा वारा दिवसांनी मोजतात. तो सुटला की तीन दिवस वाहतो, नाहीतर पाच, नाहीतर सात. थांबतो तो विषम दिवशीच, आणि तेही भर दुपारी, दिवा मालवावा तसा. एवेलियोच्या लेखी तो दुसरा दिवस होता. दुसऱ्या दिवशी वारा थांबत नाही, आणि वारा असला की पाण्यातली माणसे आपली आपण परततात. म्हणून त्याने पेट्रोलचा एकच कॅन होडीत टाकला होता.

प्रत्यक्षात दिवस तिसरा होता. वारा सुटला तेव्हा एवेलियो ला पास शहरात पुतणीच्या लग्नात होता, आणि शहराच्या भिंतींआड तो त्याला जाणवलाच नाही. परतल्यावर विचारले असते तर गावातल्या कुणीही सांगितले असते. पण साठी ओलांडलेल्या कोळ्याने वाऱ्याचा दिवस दुसऱ्याला विचारणे म्हणजे आपल्याच लेकराचे वय शेजाऱ्याला विचारणे.

वारा पडला तसे सात पतंग आकाशातून पाण्यावर आले, आणि त्यांच्या दोऱ्यांना बांधलेली, फळ्यांवर उभी राहून लाटा कापणारी सात माणसे जागच्या जागी तरंगू लागली. ओहोटीची ओढ त्यांना समोरच्या ओसाड बेटाच्या दिशेने नेत होती. एवेलियोने चौघांना वर घेतले. पाचव्याकडे वळताना इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले. त्याने झाकण उघडून टाकीत पाहिले, मग रिकाम्या कॅनमध्ये पाहिले. तो कॅन रिकामा आहे हे त्याला ठाऊकच होते.

कॅनडाहून दर हिवाळ्यात येणारी ओडेट नावाची निवृत्त शिक्षिका ओल्या अंगाने होडीच्या टोकाशी बसली होती. तिने विचारले, “कॅप्टन, आता काय?”

“आता,” एवेलियो म्हणाला, “मला लाज वाटते आहे. ती वाटून झाली की बघू.”

किनाऱ्यावरून हे सारे एक माणूस पाहत होता, आणि तो नेमका तोरिबियो कोता होता.

एवेलियोच्या मुलीला, मारीक्रूसला, बाप्तिस्म्याच्या वेळी तोरिबियोने हातावर धरले होते. तेव्हापासून ती त्याला पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता, म्हणते, आणि दोघे पुरुष एकमेकांना कॉम्पाद्रे म्हणत. हे नाते रक्ताचे नसते. ते स्वीकारलेले असते, म्हणून ते मोडणे अधिक गंभीर मानले जाते. तरी नऊ वर्षांपूर्वी ते मोडले. उत्तरेचा वारा म्हणजे मासेमारी बंद, जाळी दुरुस्त करायचे दिवस, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मग थंड देशांतली माणसे नेमका तोच वारा शोधत येऊ लागली. एवेलियोने जाळी विकली आणि पतंगवाल्यांच्या राखणीला होडी लावली. तोरिबियो सर्वांदेखत म्हणाला, “ज्या वाऱ्यानं माझे दोन मामा नेले, त्याची चाकरी करायला निघालात, कॉम्पाद्रे?” एवेलियो म्हणाला, “वारा निदान तोंड तरी बंद ठेवतो.” हे वाक्य त्याला स्वतःलाच त्याच रात्री नकोसे झाले. पण परत घेण्याची संधी सकाळी निघून गेली, आणि मग नऊ वर्षे आलीच नाही.

दोघे रोज सकाळी मारीक्रूसच्या किनाऱ्यावरच्या टपरीवर कॉफीला येत. बाक एकच होता. दोघे त्याच्या दोन टोकांना बसत.

“मारीक्रूस, तुझ्या बापाला सांग, त्याच्या होडीचा दोर कुजलाय.”

“पपा, पाद्रिनो म्हणताहेत दोर कुजलाय.”

“सांग त्यांना, दोर माझा आहे.”

“पाद्रिनो, दोर त्यांचा आहे.”

“कुजलेला त्याचाच असणार. माझा असता तर बदलला असता.”

“मी इथं कॉफी विकते की टपाल वाटते?” मारीक्रूस विचारी, आणि दोघेही तिच्याचकडे पाहून हसत. एकमेकांकडे नाही.

या नऊ वर्षांत तोरिबियोने उत्तरेच्या वाऱ्यात एकदाही होडी पाण्यात लोटली नव्हती. तो त्याचा नेम होता. १९ फेब्रुवारीला तो दुपारपासूनच बाकावर येऊन बसला, कारण त्याची मोजणी बरोबर होती आणि एवेलियोची चुकली असल्याचे त्याने सकाळीच ओळखले होते: कॅन एकच चढवलेला त्याला दिसला होता. तेव्हा तो काही बोलला नाही. मारीक्रूसलाही निरोप दिला नाही. आता तो उठला. गावातल्या चौघांनी त्याच्या होडीला खांदा लावला, आणि पाण्यातल्या तिघांना उचलून घेतल्यावर तो एवेलियोच्या होडीशेजारी येऊन थांबला. मध्ये मारीक्रूस नव्हती.

“कितवा दिवस, कॉम्पाद्रे?”

एवेलियोने बेटाकडे पाहिले. “दुसरा.”

“मग समुद्राला इस्त्री कुणी केली?”

“…तिसरा.”

“हं. सकाळी कॅन मोजले होते मी. एक.”

“मग बोलला का नाहीत?”

तोरिबियोने दोराचे वेटोळे उचलले. “बोलायला हवं होतं,” तो म्हणाला. “धरा दोर. माझा टाकतोय. तुमचा कुजलाय.”

तीन वाजून पन्नास मिनिटांनी आठही जण वाळूवर होते. मारीक्रूसने निखाऱ्यावर शिंपल्या भाजल्या. ओडेटने तोरिबियोला विचारले, मी काय देऊ? तो मारीक्रूसकडे वळून म्हणाला, “सांग बाईंना, पुढच्या वेळी कॅप्टनचे कॅन मोजून मगच पाण्यात उतरा.”

पाहुण्यांकडून काही येणे नव्हते. एवेलियोकडून होते. एल रेमान्सोत ज्याची होडी ओढून आणावी लागते तो ओढणाऱ्याला सिएरा मासा देणे लागतो: स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गळाने पकडलेला. विकत आणलेला चालत नाही, मुलाने पकडलेला चालत नाही, आणि ओढणाऱ्याने तो कधी मागायचा नसतो. पैशात किंमत चुकती केली की दोन माणसे एकमेकांतून मोकळी होतात. हा रिवाज ज्यांनी पाडला त्यांना बहुधा तसे मोकळे व्हायचे नव्हते.

पुढच्या रविवारी पहाटे एवेलियो नऊ वर्षांनी गळ घेऊन निघाला. तोरिबियो आधीच त्याच्या होडीत बसलेला होता.

“तुम्ही कशाला?”

“मासा बाजारातून आणलात तर? साक्षीदार नको?”

त्या दिवशी एवेलियोच्या गळाला एक फुगा मासा लागला. त्याने तो सोडून दिला. “फुगला तुमच्यासारखा,” तोरिबियो म्हणाला. तोरिबियोने चार सिएरा काढले. मारीक्रूसने ते तळले, आणि एवेलियोने त्यातले दोन खाल्ले. पुढच्या रविवारी आमिष गेले. त्याच्या पुढच्या रविवारी दोरी तुटली. तोरिबियोने ती नव्याने बांधून दिली, आणि बांधताना एवेलियोच्या बोटांबद्दल जे म्हणाला ते मुलीसमोर सांगता येण्याजोगे नव्हते. परतताना दोघे हसत होते. टपरीवर दोघे बाकाच्या मधोमध बसले. मारीक्रूस म्हणाली, “माझी टपालातली नोकरी गेली,” आणि कॉफी ओतली.

मार्च असाच गेला. एवेलियोला बरे वाटत होते, आणि त्या बरे वाटण्यात एक काळजी होती. ती त्याने कुणाला सांगितली नाही. मासा लागला की देणे फिटेल. देणे फिटले की रविवारी पहाटे होडीत येऊन बसायला तोरिबियोला कारण उरणार नाही. दोघेही हट्टी होते, आणि कारणावाचून भेटणे त्यांना कधी जमले नव्हते.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सिएरा लागला. जड होता. एवेलियोने तो नीट खेळवत होडीच्या कडेपर्यंत आणला. अंगावरचे पिवळे ठिपके पाण्यातूनही दिसत होते. तोरिबियोने वाकून हात घातला, माशाला शेपटीच्या मुळाशी धरले, आणि मासा सुटला. दोरी तोडून गळासकट वळून खाली गेला.

तोरिबियोचा हात चाळीस वर्षांत माशावरून घसरलेला एवेलियोने पाहिला नव्हता. त्याने त्या हाताकडे पाहिले. हात कोरड्या जागी टेकवून तोरिबियो बेटाकडे बघत होता.

“ओला होता,” तोरिबियो म्हणाला.

“मासे ओले असतात, कॉम्पाद्रे,” एवेलियो म्हणाला, आणि नवा गळ बांधायला घेतला.

मे महिन्यात पाणी तापले, सिएरा उत्तरेकडे निघून गेले, पतंगवाले आपापल्या देशी परतले. रविवार चालू आहेत. एवेलियो इगेराकडून तोरिबियो कोताला एक मासा येणे बाकी आहे.