शेलापागोट्यांची पेटी

संक्रांत झाली की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर येत्या आठवड्याचे कार्यक्रम लागत. तो फळा लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि मी मुलींची प्रतिनिधी होते. सगळ्या कॉलेजात मुली पाच. चौघींनी नाही म्हटलं, म्हणून मी.

नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती तेव्हाची गोष्ट. गोंदियात कॉलेज नुकतंच निघालं होतं. इमारत राइस मिलच्या पाठीला लागून, त्यामुळे धान उकडण्याची वाफ आणि कोंड्याची धूळ थेट वर्गात येई. वही झटकल्याशिवाय उघडता येत नसे. मी सौंदडची, धानाची शेती असलेल्या घरातली, मला त्या वासाचं काही वाटत नव्हतं. गोंदियात मामांकडे राहून शिकत होते.

फळ्यावर मी मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत असं तीनदा लिहीत असे. सोमवारी रांगोळी, मंगळवारी कबड्डी, बुधवारी वादविवाद, गुरुवारी जिलेबी खाण्याची स्पर्धा, शुक्रवारी नकला. शनिवारी दुपारी बक्षीस समारंभ, आणि त्यालाच जोडून शेलापागोटे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. गॅदरिंगच्या आधी आठवडाभर एक कुलूपबंद पेटी टांगून ठेवतात. ज्याला कुणाची थट्टा करायची असेल त्याने नाव न घालता चिठ्ठी लिहून आत टाकायची. शेवटच्या दिवशी त्या चिठ्ठ्या मंचावरून वाचतात, ज्याच्यावर लिहिलं त्याला वर बोलावतात आणि काहीतरी खोटी भेट देतात. सगळे हसतात. ज्याला बोलावलं त्यानेही हसायचं, नाहीतर तो रडका. पुढे पुढे याला फिशपाँड म्हणू लागले. नाव कुठलंही घेतलं तरी माझ्या घशाशी येतं.

पेटी गुरुवारी उघडायची आणि वाचण्याजोग्या चिठ्ठ्या निवडायच्या, असं ठरलं होतं. निवडणारे तिघे. एक मराठीचे प्राध्यापक, दुसरा गॅदरिंगचा सेक्रेटरी आणि तिसरी मी. प्राध्यापक आम्हाला संतकाव्य शिकवत. ओव्या म्हणताना त्यांचा आवाज भरून येई आणि ते चष्मा काढून डोळे पुसत. मला त्यांच्याबद्दल फार आदर होता. सेक्रेटरी गावातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा, सदा हसतमुख.

पेटी टेबलावर उलटी केली आणि ढीग पडला. पहिली चिठ्ठी मीच उचलली. कागद चुरगळलेला, एका कोपऱ्यावर पानाची पिंक. मी वाचली आणि मला कळेना की हे माझ्या हातात कसं आलं. ती आमच्यातल्याच एकीवर होती. थट्टा अशी नव्हतीच, नुसतं तिच्या अंगाचं वर्णन. दुसरी तिच्यावरच. तिसरी माझ्यावर. पाच मुली आणि दोनशेवर मुलगे, पण ढिगातला मोठा भाग आम्हा पाचजणींवरच. त्यांतले शब्द मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिले तेवढे पुरे झाले.

माझे कान तापले. बोटं मी पदराला पुसली, पुन्हा पुसली. ज्यांना मी रोज वह्या देत होते, ज्यांच्यासाठी फळा लिहीत होते, ते हेच मुलगे. कोण कोण असेल, हेही अक्षरांवरून थोडंफार कळत होतं आणि ते कळू नये असं वाटत होतं.

सेक्रेटरी म्हणाला, "इतना क्या सोचना? ज्या जास्तच झाल्यात त्या बाजूला काढू."

प्राध्यापक चिठ्ठ्या वाचून दोन गठ्ठे करत होते. मधूनच त्यांच्या मिशा हलत. मी म्हटलं, "सर, या आत्ताच जाळून टाकूया."

"जाळायचं काय त्यात? पोरांचं वय आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे राहू देत. मी बघतो." आणि तो वाईट गठ्ठा त्यांनी नीट घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

उरलेल्या चिठ्ठ्यांत बऱ्याचशा बाळबोध होत्या. विज्ञानाच्या एका सरांच्या विसरभोळेपणावर एक होती, तिला मी हसलेही. मग सेक्रेटरीने एक पुढे केली. "ही बघा, ही तर चांगली आहे." तिच्यावर एवढंच होतं: देवरीच्या रानातलं मोहाचं फूल.

देवरीची मुलगी म्हणजे आमच्यातली सगळ्यांत अबोल. तिचे वडील जंगल खात्यात नाकेदार होते. ती आत्याकडे राहून शिकत होती. तिच्या बोलण्यात गोंडी शब्द येत म्हणून मुलगे मागून चिडवत. दोन लुगडी आलटून पालटून नेसायची, पण ती इतकी स्वच्छ की आम्हालाच लाज वाटावी. माझी एकुलती एक मैत्रीण. मला ती चिठ्ठी आवडली. लहानपणी चैत्रात आम्ही पहाटे मोहाखाली टोपल्या घेऊन जायचो, फुलं पिवळसर, गोड, ओलसर. मला तो मान वाटला. मी म्हटलं, "ही ठेवा."

मी ठेवा म्हटलं. सेक्रेटरीने नाही, सरांनी नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरीपट द्यायला प्राध्यापकांच्या खोलीकडे गेले तर दार लोटलेलं होतं आणि आत हशा चालला होता. संतकाव्याचे प्राध्यापक तो कोटातला गठ्ठा वाचून दाखवत होते. ओव्या म्हणत तसेच थांबत थांबत, आवाज खालीवर करत. एक चिठ्ठी माझ्यावरची होती, ती मी ओळखली. कुणीतरी म्हणालं, "वा! पुन्हा एकदा." मी हजेरीपट उंबऱ्याशी ठेवला आणि मागच्या नळावर जाऊन हात धुतले, तोंड धुतलं. तिथली राख घेऊन पुन्हा हात घासले. भांड्यांची राख होती ती.

शनिवारी दुपारी मंडपात गर्दी झाली. गावातली प्रतिष्ठित मंडळी पुढच्या खुर्च्यांवर, मुलगे मधे, पालक मागे. देवरीवाल्या मैत्रिणीचे वडील सकाळच्या मोटारीने आले होते. खाकी कपडे इस्त्री केलेले, डोक्यावर टोपी. लेकीला रांगोळीचं बक्षीस होतं ना. त्यांनी मलाही विचारलं, "तुमीच का सौंदडवाल्या? पोरगी तुमचं लय सांगते."

बक्षिसं झाली. मग सेक्रेटरी मंचावर आला आणि चिठ्ठ्या वाचू लागला. विसरभोळ्या सरांना सुपारी मिळाली, एका लठ्ठ मुलाला केरसुणी. मग त्याने तिचं नाव घेतलं. ती लाजत वर गेली. त्याने वाचलं, "देवरीच्या रानातलं मोहाचं फूल!" आणि टेबलाखालून एक बाटली काढली. बुचाची, काचेची, मोहाची दारू भरतात तसली, आत पाण्यात मोहाची वाळकी फुलं तरंगत होती. या भेटीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. तो पुढे म्हणाला, "वास सगळ्यांनी घ्या, पण जपून. ये चढती है!"

मंडप हशाने दणाणला. मुलगे बाकांवर उभे राहिले, शिट्ट्या झाल्या. पुढच्या खुर्च्यांवरची मंडळी रुमाल तोंडाला लावून हसत होती. प्राचार्यही हसले. तिला पहिल्यांदा काही कळलंच नाही. तिने बाटली दोन्ही हातांनी घेतली, देवळात तीर्थ घ्यावं तशी, आणि वाकून नमस्कार केला. त्यावर तर आणखीच हशा झाला. मग तिचा चेहरा उतरला आणि ती पालक बसले होते तिकडे पाहू लागली.

मीही मागे पाहिलं. तिचे वडील टाळ्या वाजवत होते. सगळे हसतायत, लेकीला मंचावर बोलावून काहीतरी देतायत, म्हणजे सन्मानच असणार. उभं राहून, टोपी सारखी करून ते टाळ्या वाजवत होते.

आयुष्यात मी घाण पुष्कळ पाहिली. बाळंतपणं केली, पुरात मेलेली गुरं पाहिली. त्या मंडपातल्या त्या मिनिटाइतकी शिसारी मला कशाची आली नाही. आणि त्यात मी होते.

सोमवारी ती कॉलेजात आली. मला वाटलं होतं येणार नाही. आली, आणि माझ्याशेजारी न बसता पलीकडच्या टोकाला बसली. मधल्या सुट्टीत मी तिच्याजवळ गेले.

तिने विचारलं, "थे चिठ्ठी तू वाचली होती का?"

"वाचली होती."

"मग ठेवली काऊन?"

"मला छान वाटली. खरंच. बाटलीचं मला माहीत नव्हतं."

तिने बोटाला पदराचं टोक गुंडाळलं. मग म्हणाली, "बाबानं थे बाटली घरी नेली. देवाजवळच्या फळीवर ठेवली मनते. येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवून राहिले, कॉलेजानं पोरीले देल्लं मनून. म्या कसं सांगू त्यायले?"

ती उठून गेली.

त्या दुपारी मी प्राचार्यांकडे गेले. ते खादी घालत, शिस्तीचे म्हणून त्यांचं नाव होतं. मी म्हटलं, "सर, पेटीत मुलींविषयी फार घाण लिहिलं होतं. ते प्राध्यापकांच्या खोलीत वाचून दाखवलं गेलं. आणि शनिवारी जे झालं ते तुम्ही पाहिलंच."

ते म्हणाले, "मोघम तक्रार मला चालत नाही. काय लिहिलं होतं, कुणी वाचलं, सगळं लेखी द्या."

मी घरी जाऊन लिहिलं. आठवतील त्या सगळ्या चिठ्ठ्या, जशाच्या तशा. कुठे फुल्या घातल्या नाहीत. खाली हेही लिहिलं की मोहाची चिठ्ठी मी पसंत केली होती. अक्षर मी वाकडं होऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं.

त्यांनी अर्धं पान वाचलं आणि कागद दूर धरला. मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसा, दोन बोटांत. "हे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत?"

"हो सर. तुम्हीच सांगितलंत."

"मी सांगितलं म्हणून काय झालं? घरंदाज मुलीच्या लेखणीतून असले शब्द उतरतातच कसे?"

"शब्द माझे नाहीत, सर. पेटीतले आहेत."

"पेटी केव्हाच रिकामी झाली," ते म्हणाले. "माझ्यासमोर आहे तो कागद तुमच्या अक्षरातला आहे."

तो कागद त्यांनी मामांना बोलावून दाखवला. मामा घरी आले ते माझ्याकडे न बघता. ओरडले नाहीत. मामींनी मात्र दोन दिवस मला देवाच्या पूजेचं पाणी भरू दिलं नाही. "असे शब्द तुला येतात तरी कुठून गं?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. मी एकदा सांगून पाहिलं, "कॉलेजातून." त्यांनी कानांवर हात ठेवले.

चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांना, वाचणाऱ्याला, हसणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. संतकाव्याचा तास रोज होत होता. चष्मा निघे, डोळे पुसले जात. मी त्यांच्या तासाला वहीत एक अक्षर लिहिलं नाही. पुढे परीक्षेत ते नडलं, पण ते राहू दे. मला स्वतःचीही किळस येत होतीच. ती त्यांच्याविषयीच्या किळसेपासून वेगळी काढता येत नव्हती.

निर्णय महिन्याभराने लागला. मुलींच्या प्रतिनिधीचं पद रद्द. फळा लिहायचं काम एका मुलाकडे गेलं. आणि पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर त्याच्या किरट्या अक्षरात कार्यक्रम लागले तेव्हा खाली एक ओळ होती: शेवटच्या दिवशी विद्यार्थिनींनी उपस्थित राहण्याची आवश्यकता नाही. पेटी मात्र तिच्या जागी टांगलेली होती. मुलींना हजर राहायचं नव्हतं, पण त्यांच्यावर लिहायला बंदी नव्हती.

त्या शनिवारी आम्ही मुलींच्या खोलीत बसलो होतो. तोवर आम्ही चौघी उरलो होतो, एकीचं लग्न झालं होतं. भिंतीपलीकडून हशा येत होता. मधेच कुणाचं तरी नाव आणि मग शिट्ट्या. कुणाचं ते ओळखायला आम्ही तिघी कान देत होतो, आणि ओळखू येऊ नये म्हणून देवाला विनवतही होतो. वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलणारी देवरीवाली खिडकीशी पुस्तक घेऊन बसली होती. तिने ते मिटलं.

"कायले ऐकून राहिल्या?" ती म्हणाली. "चाला."

"कुठे?" मी विचारलं.

"कुठंबी. इथं वास मारते."

मागच्या दाराने आम्ही निघालो. मिलच्या अंगणात बायका उकडलेलं धान पायाने पसरत होत्या, त्यांतल्या एकीने आम्हाला बाजूने जायला सांगितलं. रेल्वे फाटकाजवळ बायका पेरू विकायला बसल्या होत्या. देवरीवालीने चार पेरू घेतले, आपल्या पदराला पुसले आणि एकेक आमच्या हातात दिला. माझा देताना थांबली.

"प्राचार्याले देल्ल्या त्या कागदावर सोताचंबी लिवलं होतं मने तू," ती म्हणाली. "सोताची चूक."

"कुणी सांगितलं?"

"आत्या. सारं गाव बोलून राहिलं होतं तवा." तिने पेरू माझ्या हातात दिला. "मी माफ केलं असं समजू नोको. खाय."

पेरू कच्चा होता. मी सगळा खाल्ला.