डबीतला खलबत्ता

आमच्या साडूंइतकं कमी सामान घेऊन या पृथ्वीवर फिरणारा संसारी माणूस दुसरा नसेल. संन्याशांचं सोडून द्या, त्यांना दोन वेळचा स्वयंपाक करायचा नसतो. साडू मात्र वरणभात, भाजी, पोळी आणि दुपारचा चहा एवढं सगळं साग्रसंगीत करतात, आणि तेही चाकांवरच्या एका पलंगाएवढ्या खोलीत. ही खोली त्यांच्या छोट्या गाडीच्या मागे जोडली जाते. घरात तिला ‘डबी’ म्हणतात. करंजाड्याच्या त्यांच्या सोसायटीत ती पार्किंगच्या कोपऱ्यात उभी असते, आणि तिथल्या बायका येताजाता विचारतात, “काका, कुल्फी कधी सुरू करताय?” साडू गंभीरपणे सांगतात, “फ्रीजचं वजन परवडत नाही.”

निवृत्त झाल्यावर ही डबी त्यांनी जवळच्या कोन गावात बनवून घेतली. तिथे टेम्पोच्या बॉड्या बांधणारा एक कारागीर आहे. साडूंनी त्याच्यापुढे मिलिमीटरमध्ये काढलेला नकाशा ठेवला, तेव्हा त्याने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “काका, यात तुमी झोपनार का सामान ठेवनार? दोनी नाय जमायचा.” साडू म्हणाले, “जमतं. सामानाखाली झोपायचं.” कारागिराला आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी भिंतीला कुठे कुठे हूक हवेत याची चिठ्ठी त्याच्या हातात दिली. हूक एकशे बारा होते. “एवढं हूक तं बोटीवर पन नाय,” असं म्हणत त्याने काम घेतलं, आणि डबी तयार झाल्यावर तिच्यात स्वतः एकदा आडवा होऊन पाहिलं.

हे वेड त्यांना नोकरीत लागलं. तळोज्याच्या एका कारखान्यात ते टूल रूम सांभाळत. तिथे भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याचा, प्रत्येक हातोडीचा आकार रंगाने काढलेला असे. त्याला कामगार ‘सावली’ म्हणत. संध्याकाळी एकही सावली उघडी राहता कामा नये. उघडी दिसली की हत्यार सापडेपर्यंत साडू घरी जात नसत. डबीच्या आतही त्यांनी पिवळ्या रंगाने सगळ्या वस्तूंच्या सावल्या काढल्या आहेत. झारा, चिमटा, बॅटरी, हातोडी, माझ्या मेव्हणीचा कंगवासुद्धा. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर नवऱ्याने आपल्या कंगव्याचं चित्र काढलं, याचं कौतुक वाटून घ्यावं की काय करावं हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.

डबीच्या दाराला ताणकाटा टांगलेला असतो. त्याला लटकल्याशिवाय काहीही आत जात नाही. मी एकदा सोबत एक जाडसर पुस्तक घेतलं होतं. साडूंनी ते पिशवीत घालून काट्याला लावलं, आकडा वाचला, आणि बऱ्याच अजीजीने विचारलं, “साडूभाऊ, प्रस्तावना वाचून झाली असेल तर ती घरी ठेवली तर चालेल?” मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलेला माणूस. माझा चेहरा पाहून त्यांनी तडजोड सुचवली. पुस्तक मी गाडीत मांडीवर ठेवायचं. गाडीचं वजन हे त्यांच्या मते वेगळं खातं होतं. एकाच कामाची वस्तू ही आळशी वस्तू, असं त्यांचं मत आहे. त्यामुळे पोळपाट हेच डबीतलं टेबल, पातेल्याची झाकणं हीच ताटं, आणि उद्याचे कपडे आज अभ्र्यात भरले की उशी. कांदे डाव्या बाजूला आणि बटाटे उजव्या बाजूला असतात, तोल राहावा म्हणून. दोन कांदे संपले की एक बटाटा शिजलाच पाहिजे. आम्ही त्या डबीच्या सहलींत जेवढे बटाटे खाल्ले तेवढे उपासालाही कधी खाल्ले नसतील.

आणि शेवटचा नियम, सगळ्यांत कडक. डबीत दोरीने एक वही बांधलेली असते. तिच्यात वस्तूचं नाव, वजन आणि ‘कशासाठी वापरली’ असे तीन रकाने आहेत. लागोपाठ तीन सहलींत जिच्यापुढे काही लिहिलं गेलं नाही, ती वस्तू चौथ्या सहलीला येत नाही. तिची सावली पांढऱ्या रंगाने पुसली जाते. अशा रीतीने लिंबू पिळायचं यंत्र गेलं, छत्री गेली, साडूंच्या स्वतःच्या मुंजीतला चांदीचा पेलाही गेला. त्यांनी कुणाचीच गय केली नाही.

अपवाद करावा लागला तो माझ्या पत्नीपुढे. आम्ही चौघं पहिल्यांदा निघालो तेव्हा ती पितळी खलबत्ता घेऊन आली. साडूंनी तो काट्याला लावला आणि खाली बसले.

“ताई, पावणेदोन किलो!”

“मग? पितळेचा आहे.”

“किसणी चाळीस ग्रॅमची आहे हो. आलं किसता येतं.”

“किसलेल्या आल्याचा चहा तुम्ही प्या, धाकटे जावई. मी घरी बसते.”

माझी पत्नी थोरली बहीण, त्यामुळे साडूंना ती नेहमी धाकटे जावई म्हणे, आणि त्या दोन शब्दांत असं काही असे की ते लगेच तडजोडीला लागत. त्यांनी आपले जादा बूट आणि एक चादर कमी केली. मग डबीतली सगळ्यांत मोक्याची, चाकांच्या बरोबर वरची जागा मोजून काढली आणि तिथे एक गोल आणि एक दांडा अशी सावली रंगवली. त्यानंतर प्रत्येक सहलीत सकाळी ठक ठक असा आवाज यायचा, आणि वहीत तिच्या अक्षरात एकच शब्द पडायचा: ‘आलं’.

गेल्या वर्षी ती गेली. त्यानंतर बरेच महिने डबी हलली नाही. मग एका रविवारी साडू घरी आले. “चला,” एवढंच म्हणाले. कर्नाळ्याच्या पुढे त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याची वाडी आहे, तिथे आम्ही तिघं गेलो. खलबत्ता आपल्या जागी होता. मी त्याला हात लावला नाही. चहा बिनआल्याचा झाला. दुसऱ्या सहलीतही तेच झालं. परतताना मात्र माझ्या मनात आलं की दोन झाल्या, आता एकच उरली.

खलबत्ता मी मागितला असता तर त्यांनी तो लगेच माझ्या हवाली केला असता. पण मला तो घरी नको होता. पनवेलच्या आमच्या घरात तिचं सगळं जिथल्या तिथे आहे. तिचं कपाट मी अजून उघडलेलंही नाही. घरी आला असता तर खलबत्ताही त्या बंद वस्तूंतला एक झाला असता. डबीत होता तोवर ती आमच्याबरोबर कुठेतरी जात होती. हे साडूंना सांगणं मला जमण्यासारखं नव्हतं, आणि नियमाला अपवाद करा म्हणणं तर त्याहून नाही. ते काय करतात, एवढंच मी बघत राहिलो.

तिसऱ्या सहलीला, परवाच्या डिसेंबरात, त्याच वाडीत डबी लावली. सामान काढायला आत वाकलो तर भिंतीवर एक सावली उघडी दिसली. हातोडीची. साडूंच्या डबीत उघडी सावली! मी बाहेर येऊन विचारलं, “हातोडी विसरलात?”

“विसरलो,” ते म्हणाले, आणि डबीच्या मागे गेले.

मागून ठोकल्याचा आवाज येऊ लागला. फार दबका, फार सावकाश. मी वळसा घालून पाहिलं. मागे ताणायच्या ताडपत्रीची खुंटी जमिनीत बसवायला साडू गुडघ्यांवर बसले होते. हातात बत्ता होता. पितळेला पोचा पडू नये म्हणून त्याच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. एक ठोका घालत, मग बत्ता फिरवून बघत, मग दुसरा.

“भाऊजी, सांगा आता तुम्हीच यांना,” मेव्हणी मागून म्हणाली. “गेल्या दोन्ही वेळा तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हाही हेच. हातोडी घरी कपाटात घालून ठेवलीय. एकेका खुंटीला पाव तास!”

साडू कपाळ पुसत म्हणाले, “मऊ धातू आहे. जपून ठोकावं लागतं.” मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, “नियम सगळ्यांना सारखा असतो, साडूभाऊ. वापर तर व्हायला पाहिजे.”

मी आत जाऊन वही उघडली. तिच्या अक्षरातल्या शेवटच्या ‘आलं’खाली साडूंच्या टोकदार अक्षरात दोनदा लिहिलं होतं: ‘खुंट्या ठोकणे’.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेव्हणीला म्हणालो, “आलं असतं तर बरं झालं असतं.” तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आपल्या पर्समधून रुमालात बांधलेला आल्याचा तुकडा काढला. “दर वेळी आणते. काट्याला लावत नाही,” ती म्हणाली. साडूंच्या कायद्यात एवढी मोठी चोरी चालू होती आणि ते पाण्याचा कॅन पुसत राहिले.

किती ठेचायचं हे मला कधी माहीत नव्हतं, म्हणून ठेचतच राहिलो. आवाज ओळखीचा होता. फक्त या वेळी तो माझ्या हातातून येत होता. चहाचा पहिला घोट घेऊन साडूंना ठसका लागला. “ताई एवढं घालत नव्हत्या,” ते म्हणाले, पण कप सगळा संपवला. मग दोरीसकट वही माझ्यापुढे सरकवली. मी तिसऱ्या रकान्यात सावकाश लिहिलं: ‘आलं’.

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“मग पुढच्या खेपेला हातोडी आणायला हरकत नाही,” ते म्हणाले.

“सहाशे ग्रॅम वाढतील,” मी म्हणालो.

त्यांनी कांद्यांकडे पाहिलं, बटाट्यांकडे पाहिलं, आणि मग गाडीतून मांडीवर आणलेल्या माझ्या जाड पुस्तकाकडे पाहिलं. वेगळं खातं बहुधा बंद झालं होतं. “बघा ना,” ते हळूच म्हणाले, “एखादं पातळ मिळालं तर.”

तेव्हापासून मी पातळ पुस्तक शोधतो आहे. माझ्याकडची सगळी जाड निघाली. तिच्याजवळ चार-पाच होती, प्रवासात वाचायला म्हणून घेतलेली, हलकी. ती तिच्या कपाटात वरच्या खणात असणार. उद्या सकाळी चहा झाला की उघडून बघेन म्हणतो.