बुधवारची गाडी

प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट फिरायला लागलं की वन्सं उठायच्या. चोरून नाही. पदर नीट करायच्या, गुडघ्यावर हात टेकायच्या आणि सगळ्या मंडळीच्या देखत बाहेर जाऊन कडुलिंबाखाली बसायच्या. आत शेवटचं गीत सुरू झालं की परत येऊन सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात गायच्या. गंमत म्हणजे ती भाकर त्यांनीच केलेली असायची. शनिवारी गहू स्वतः दळायच्या, चाळायच्या, तव्यावर अशी शेकायच्या की एक काळा डाग दिसेल तर शपथ. दीड वर्षात पाद्रीसाहेब सोलापूरहून नऊ वेळा आले आणि नऊ वेळा वन्सं उठून गेल्या.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, एस्तेरबाई. गाव त्यांना इस्तरबाई म्हणे. नळदुर्गापासून चार कोसांवर आमचं गाव. मातीच्या भिंती आणि वर पत्रे, एवढंच आमचं देऊळ. त्याच्या शेजारी शाळा आणि शाळेला लागून आमचं घर. शाळेत शिकवायचं आणि रविवारी उपदेश करायचा, ही दोन्ही कामं माझ्या यजमानांकडे. त्यांना गावासारखं मीही मास्तरच म्हणते, नाव घ्यायची सवय अजून लागलेली नाही. वन्सं लवकर विधवा झाल्या आणि माहेरी आल्या. सुईणपण शिकल्या ते मिशनच्या दवाखान्यात, पण हात देवानंच दिलेला होता. वाण्याच्या घरी, पाटलाच्या घरी, मोमीन गल्लीत, सगळीकडे त्यांना बोलावणं यायचं. कुणी कुरकुरलं तर म्हणायच्या, "लेकरू आडल्यावर जात इचारीत बसायला येळ नस्तोय बाई."

तोंड फटकळ होतं. मास्तरांचा उपदेश लांबला की पहिल्या रांगेतून खाकरायच्या. घरी आल्यावर म्हणायच्या, "याकोबा, लई बोललास, आता दोन घागरी पानी शेंद." मी सोलापूरच्या मुलींच्या शाळेत शिकलेली, भाकरी थापायला गेले की तिचा नकाशा व्हायचा. सासूबाई हसायच्या. वन्सं माझ्या मागं उभ्या राहून माझे हात आपल्या हातात धरायच्या आणि भाकरी फिरवून दाखवायच्या. माझ्या आईनंसुद्धा मला इतक्या मायेनं काही शिकवलं नव्हतं. माझी लेक झाली तीही त्यांच्याच हातावर.

मग रझाकारांचं वर्ष आलं. शेजारच्या दोन गावांत घरं जळाली. कुणी म्हणे ख्रिस्ती लोकांना ते काही करत नाहीत, कुणी म्हणे जाळताना कोण विचारतं. मंडळीनं ठरवलं, हद्द ओलांडून सोलापूरकडं जायचं. सगळ्या मंडळीत मिळून गाडी एकच होती, तीही आमची. रोहिण्या निघालेल्या, ऊन असं की भुई पोळत होती. आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई विहिरीवर पडल्या होत्या. खुबा मोडलेला. कूस बदलायची तरी किंचाळायच्या.

गाडीत लेकुरवाळ्या बायका आणि सामान, बाकीचे पायी. सासूबाईंना त्या गर्दीत बसवणं शक्यच नव्हतं. मंडळीतली चार तरणी माणसं पुढं आली. म्हणाली, घोंगडीची झोळी करतो आणि आज्जीला खांद्यावर नेतो. झोळी बांधलीसुद्धा होती. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "चौदा-पंधरा कोस ती झोळीत हिंदकळून मरेल. आक्का, तू आईजवळ थांब. गाडी रिकामी करतो, कडबा अंथरतो आणि बुधवारी परत येतो."

वन्संनी भावाकडं बघितलं. "याकोबा, खरं सांग. येनार का गाडी?"

मास्तर बैलांकडं बघत राहिले. तेव्हा मीच पुढं झाले. वन्संचा हात माझ्या हातात घेतला आणि म्हणाले, "येणार वन्सं. हे आले नाहीत तर मी घेऊन येते. देवाशपथ."

आमच्यात शपथ घेत नाहीत. वन्संनी मला त्यावरून एरवी झाडलं असतं. तेव्हा मात्र त्या वळल्या. चौघांना म्हणाल्या, "सोडा रे ती झोळी. घोंगडं लेकरावर घाला." आणि आत गेल्या.

गाडी परत गेली नाही.

वन्सं आणि सासूबाई यांना मोमीन गल्लीतल्या चांदबीनं आपल्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं. चांदबीची तिन्ही लेकरं वन्संच्या हातची. बाहेरून कुणी विचारायला आलं की चांदबी म्हणे, माझी आजारी फुफी आहे आणि तिची लेक. सासूबाई दिवसातून चार-चारदा विचारायच्या, "एस्तेर, गाडी आली का गं?" वन्सं सांगायच्या, "येतीया, नाक्यापतुर आली आसंल." पोळ्याच्या आठ दिवस आधी सासूबाई गेल्या. मंडळीतलं एकही माणूस गावात नव्हतं. खड्डा चांदबीच्या नवऱ्यानं खणला. प्रभूची प्रार्थना वन्संनी एकटीनं म्हटली आणि माती त्या दोघांनी लोटली. त्यानंतर महिनाभरात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य संपलं आणि आम्ही हद्दीपलीकडच्या छावणीतून वाजतगाजत घरी परतलो. दारात वन्सं उभ्या होत्या. निम्म्या झालेल्या. मास्तर पाय धरायला वाकले तर मागं सरकल्या. म्हणाल्या, "छावनीत रोज आमच्यासाटी प्रार्थना केलीस म्हनं. देवाला हाक मारावी, याकोबा, पर बैल जुपून मारावी."

एवढंच. नंतर आदळआपट नाही, टोमणा नाही. माझी लेक दिवसभर त्यांच्याच कडेवर. पण पहिल्या प्रभुभोजनाला त्या उठून बाहेर गेल्या आणि मंडळी थिजली.

आमच्या मंडळीत एक रीत होती, फार कडक. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, समेट करायचा. ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्यानं त्याच्या दारी जायचं आणि म्हणायचं, चुकलो, मन साफ कर. मनात अढी ठेवून भाकर घेतली तर ती अंगावर येते, असं जुनी माणसं सांगायची. मीही दर शनिवारी जायचे. विहिरीवर घागरीवरून भांडले असेन तिच्याकडं, कोंबडीवरून बोलले असेन तिच्याकडं. वन्सं उठतात त्या मास्तरांमुळं, हे तर आंधळ्यालाही दिसत होतं. बहीण-भावाचं ते, आपण मध्ये कशाला पडा?

सहाव्या की सातव्या खेपेला मास्तरांना ते सोसेना. भर उपासनेत उभे राहिले. "आक्का, मी भ्यालो. आईला मी मारलं," म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. सगळी मंडळी डोळे पुसत होती. वन्सं उठल्या, भावाला पोटाशी धरलं, त्याचं नाक आपल्या पदरानं पुसलं. "जाऊ दे रं. भितरा तर तू ल्हानपनापासनंच हायस. म्या कवाच माफ केलंय." मग ताट फिरायला लागलं आणि वन्सं पदर सावरून बाहेर निघून गेल्या.

पाद्रीसाहेब संतापले. मंडळी म्हणाली, बाईचं काळीज दगडाचं. मीही म्हणाले! पाणवठ्यावर उभी राहून म्हणाले की माझ्या नवऱ्यानं आणखी किती नाक घासायचं? जीभ झडली नाही माझी.

पुढच्या थंडीत वन्संना छातीचं दुखणं लागलं. अंथरुणातून उठवेना. पाद्रीसाहेब रविवारी येणार होते. शनिवारी मी गहू दळले, भाकर शेकली, वन्सं पडल्या पडल्या "जाळ कमी कर" म्हणत होत्या. मी म्हटलं, "वन्सं, उद्या पाद्रीसाहेब घरीच भाकर आणतील. ह्यांनी माफी मागितली, तुम्ही दिलीत. आता कुणाचं अडलंय?"

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाल्या, "तुजं."

मला वाटलं तापात बोलताहेत.

"त्याच्या बोलन्यावर म्या झोळी सोडली न्हवती, बाई. तू हात दिलास म्हनून सोडली. आन् बुदवारी त्यानं बैल जुपलं व्हतं. छावनीतल्या बाया काय आंदळ्या व्हत्या का? मला सगळं सांगितलंय त्यांनी. आज शनवार हाय. दीड वरीस शनवार बगतीया म्या, तू गावभर फिरून येतीस आन् माज्या अंतरुनावरनं वलांडून जातीस."

आता सांगतेच. हद्दीपलीकडं छावणीत झाडाचं पान नव्हतं. आम्ही गाडीखाली राहत होतो. चाकांना वाकळ बांधली होती, तेवढीच सावली, आणि तिच्यात माझी सात महिन्यांची लेक तापानं फणफणलेली. बुधवारी पहाटे मास्तरांनी वाकळ सोडली आणि बैल जुंपले. भित्रे होते तरी जुंपले. मी जू धरून उभी राहिले. म्हटलं, "आज नको. सावली गेली तर लेकरू जाईल. उद्या जा." त्यांना तेवढंच निमित्त हवं होतं. दुसऱ्या दिवशी रस्ता बंद झाल्याची बातमी आली आणि मग गाडीचं नाव कुणीच काढलं नाही. मीसुद्धा नाही. मंडळीपुढं ते एकटे रडले, त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मी ते घेऊ दिलं नाही.

त्या शनिवारी मी काय केलं असेल? भांडले. "पदरात तान्हं पोर होतं वन्सं! तुम्ही काय केलं असतं?" त्या म्हणाल्या, "त्येच केलं आसतं. पर येऊन सांगितलं आसतं." आणि भिंतीकडं तोंड करून पडल्या.

रविवारी पाद्रीसाहेब ताट घेऊन अंथरुणाशी बसले. वन्संनी ओठ घट्ट मिटले. पाद्रीसाहेबांनी मास्तरांकडं बघितलं, मास्तरांनी खाली बघितलं. मंडळी दारात दाटलेली. मी तिथंच खाली बसले, वन्संचा हात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बुधवारची गाडी मी अडवली. ह्यांनी नाही. मी. चुकले, वन्सं."

वन्संनी डोळे उघडले. हात सोडवून घेतला नाही.

"आली बाई गाडी एकदाची," म्हणाल्या. आणि तोंड उघडलं.

चार दिवसांनी त्या गेल्या. त्यांना सासूबाईंच्या शेजारी ठेवलं. माती देताना सगळी मंडळी मला म्हणत होती, रडू नको, तुझा समेट झाला. झाला, वन्संशी झाला. पण शेजारी ती दुसरी निजलेली, जी दिवसातून चार-चारदा गाडी विचारायची, तिच्या दारी मी कोणत्या शनिवारी जाऊ?