मधुराने गोळी घ्यावी का?

आमच्या घरात कोणतीही गोष्ट एकट्याची राहत नाही. बाबांचा चष्मा हरवला की तो सगळ्यांचा हरवतो. माझ्या पोटदुखीचंही तसंच. दुखतं मला आणि मत असतं प्रत्येकाला! मी फारशी बोलत नाही, त्यामुळे लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. असं करत करत माझ्याकडे इतके किस्से साठलेत की मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधीच मैत्रिणी विचारतात, "मधुरा, काल कोण काय म्हणालं?"

तर सांगते.

०

सुरुवात कॅरममुळे झाली. मागच्या वर्षी शाळांच्या स्पर्धेत मी सेमीफायनलला पोचले आणि नेमकी त्याच सकाळी पाळी आली. पाळीचे पहिले दोन दिवस माझ्या पोटात कोणीतरी ओली चादर पिळत बसलंय असं वाटतं. कॅरममध्ये नेम धरायला वाकावं लागतं. मला वाकता येत होतं, पण परत सरळ होता येत नव्हतं! शेवटी स्ट्रायकर बोर्डवर ठेवला आणि सामना अर्धवट सोडून उठले.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"पोट दुखतंय, सर."

सरांनी पुढे काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्या टीमला उभं करून भाषण दिलं. "खेळाडूने जिभेवर ताबा ठेवायचा! आजपासून कॅरम टीमला गेटवरची पाणीपुरी बंद!"

टीममधली मुलं अजून माझ्याकडे खुन्नसने बघतात.

०

यंदा स्पर्धेची तारीख लागली तशी मी कॅलेंडर पाहिलं. पुन्हा तेच दिवस! जिंकायचं वगैरे नंतर, पण या वेळी अर्धवट उठायचं नव्हतं. मग मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून म्हटलं, "आई, आपण डॉक्टरकडे जाऊ या."

सानपाड्याला स्टेशनजवळ एक लेडी डॉक्टर आहेत. त्यांनी मला विचारलं, "खूप दुखतं का?"

"थोडंसं," आई म्हणाली.

"शाळा बुडते?"

"एखादा दिवस," आई म्हणाली.

"रात्री झोप लागते?"

आई तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "ताई, तुमची तपासणी नंतर करू. आधी हिची होऊ दे."

मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं आणि गोळ्या लिहून दिल्या. दुखायला लागलं की घ्यायची, जेवणानंतर, सांगितलंय तेवढीच. फरक पडला नाही तर परत यायचं. मग आईकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला होतो का असा त्रास?"

"छे! मला कधीच काही नाही!"

मी आईकडे बघितलं. माझी आई दर महिन्याला एक दिवस गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून झोपते. विचारलं तर म्हणते, "जरा पाठ धरलीय."

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, "मग घ्यायची ना गोळी?"

"बघू," आई म्हणाली.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', फक्त भांडण न करता.

०

गोळ्या आणायला बाबा गेले. मी सोबत होते, पण दुकानाबाहेर. आम्ही दोघंही एकाच वळणाचे. फरक एवढाच की मी लाजून गप्प बसते आणि बाबा लाजून काहीतरी भलतंच बोलतात.

केमिस्टने चिठ्ठी हातात घेतली. वर मोठ्या अक्षरांत 'स्त्रीरोगतज्ज्ञ'. रांगेत मागे सोसायटीतले दोन काका उभे.

"सर, किसके लिए है?"

बाबांनी मागे बघितलं, पुढे बघितलं आणि ठामपणे म्हणाले, "मेरे लिए!"

केमिस्ट भला माणूस. चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाला, "ठीक है सर. खाने के बाद लेना."

तेव्हापासून बाबा रस्त्याने दिसले की तो काउंटरवरूनच ओरडतो, "सर, अभी दर्द कैसा है?"

०

गोळ्या घरात आल्या आणि ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यात गेल्या. आता आईला सल्ला हवा होता. तिने बहिणींच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'मधुराला पाळीत पोट दुखतं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. द्याव्या का?'

मेसेज पडला सोसायटीच्या 'पाणी व लिफ्ट' ग्रुपवर!

आईला लगेच कळलं. तिने घाईघाईत तो डिलीट केला. पण फक्त स्वतःच्या फोनमधून! आईला दिसेना म्हणून ती निश्चिंत, आणि बाकी सगळ्या बिल्डिंगला दिसतोय.

आमच्या सेक्रेटरी काकांना पोल घेण्याची सवय आहे. टाकी कधी धुवायची, पोल. वॉचमनच्या खुर्चीचा रंग कोणता, पोल. त्यांना वाटलं, सभासदाने प्रश्न विचारलाय, तर रीतसर उत्तर द्यायला हवं. त्यांनी पोल टाकला: 'मधुराने गोळी घ्यावी का?' पर्याय तीन. 'घ्यावी', 'घेऊ नये' आणि 'पुढील मीटिंगमध्ये ठरवावे'.

आमच्या सोसायटीत जे नेहमी होतं तेच झालं. तिसरा पर्याय प्रचंड बहुमताने जिंकला.

संध्याकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे काका हळूच म्हणाले, "आम्ही दोघांनी 'घ्यावी'ला दिलंय हं!"

पुढचे काही दिवस मी जिना वापरला.

०

कामोठ्याहून मावशी धावत आली. ओवा, हिंग, गूळ आणि कसलातरी काळा काढा घेऊन.

"गोळ्यांच्या नादी लागायचं नाही," तिने मला समोर बसवून सांगितलं. "एकदा सवय लागली की संपलं! शरीराला आपलं आपण लढू द्यायचं. काय?"

मी मान हलवली.

"शहाणी माझी! जा, पाणी आण बघू."

मी पाणी आणलं. मावशीने पर्स उघडली. ॲसिडिटीची एक घेतली, डोकेदुखीची एक घेतली आणि परतीच्या बसमध्ये मळमळायला नको म्हणून तिसरी घेतली.

"हं, तर मी काय सांगत होते?"

०

आमच्या खालच्या मजल्यावर म्हात्रे आजी राहतात. त्या इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. जिना वापरायला लागल्यापासून रोज त्यांच्या दारावरून जात होते. एकदा त्यांनी हटकलं.

"काय गो पोरी, लिफ बंद हाय का?"

"नाही आजी. असंच."

"आनि ती गोली घेतली का नाय?"

म्हणजे आजींनासुद्धा माहीत! मी म्हटलं, "आई म्हणते, पूर्वीच्या बायका सहन करायच्याच ना."

आजी जोरात हसल्या. "कोनाला इचारलं तुजे आयशीनं? मी हाय ना पूर्वीची! कमरेभर पान्यात उभी राहून कोलंबी धरायची, एक हात जाल्यावर, एक हात पोटावर. सहन करीत नव्हतो गो, दुसरा काय इलाजच नव्हता! तवा कोनी गोली दिली असती ना, तर मी कोलंबीची आख्खी पाटी दिली असती त्याला!"

हे मी घरी जाऊन आईला सांगितलं. आईने ओट्यावरचा स्टीलचा डबा पुसून परत जागेवर ठेवला. मग म्हणाली, "कोलंबी महाग झालीय हल्ली."

०

स्पर्धेच्या दिवशी पहाटेच चादर पिळणं सुरू झालं. मी बाहेर आले. बाबा बूट घालत होते, आई पोहे परतत होती.

"आई, मी गोळी घेणार आहे."

"बघू, आधी जरा ओवा..."

"बघून झालं, आई. डॉक्टरांनी बघितलं, मावशीने बघितलं, अख्ख्या सोसायटीने बघितलं. दुखतं मला. मी घेणार."

इतकी वाक्यं मी घरात सलग कधी बोलले नव्हते. बाबा एक बूट घालून तसेच उभे राहिले. आईने गॅस बंद केला, डबा काढला, गोळ्यांचं पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि शेजारी पोह्यांची बशी ठेवली.

"खाल्ल्यावर घे," एवढंच म्हणाली.

शाळेत पोचेपर्यंत पोटातला माणूस चादर पिळून पिळून थकला होता. पूर्ण गेला नव्हता, पण बसला होता खाली कुठेतरी. मी वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. सेमीफायनल जिंकले. फायनलला शेवटच्या बोर्डपर्यंत खेळले आणि राणी घेतल्यावर पुढची सोंगटीच चुकले. हरले!

इतक्या आनंदाने हरलेली मुलगी त्या हॉलमध्ये कोणी पाहिली नसेल. पूर्ण खेळून हरले होते!

सर धावत आले. माझी पाठ थोपटली आणि टीमकडे वळून म्हणाले, "बघितलंत? हा फरक पडतो, पाणीपुरी सोडली की!"

०

त्यानंतर एका गुरुवारी आई भाजी आणायला म्हणून गेली आणि बऱ्याच उशिरा भाजी न आणताच परत आली.

"मिळाली नाही चांगली," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी शाळेतून आले तर घरात आवाज येत होता. मला वाटलं, बाबा लवकर आले. बघते तर आई! डोक्याला ओढणी बांधून, स्टुलावर चढून, हॉलमधला पंखा पुसत होती. गरम पाण्याची पिशवी खुंटीला कोरडी ठणठणीत लटकलेली. कॅलेंडरवर आईच्या तारखेला ती नेहमी एक बारीक टिंब काढते. टिंब आजच्याच तारखेवर होतं.

मी ओट्यावरचा डबा उघडला. माझं अर्धं पाकीट होतं. त्याच्याखाली एक नवीन पाकीट होतं.

"आई..."

"तुला म्हणून सांगून ठेवते," आई पंख्याकडे बघतच म्हणाली, "चहाबिस्किटावर नाही घ्यायची हं ती गोळी. नीट पोटभर जेवून घ्यायची. नाहीतर जळजळतं."

"तुला कसं माहीत?"

आईने फडकं माझ्या हातात टाकलं.

"हे जरा पिळून दे," ती म्हणाली. "बघ ना, पंखा किती काळा झालाय!"